मॉनिटरचं भूत

भुतांच्या बाबतीत आमचा गोंदिया जिल्हा कधीच मागासलेला नव्हता. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा वाटणीत कचेऱ्या कमी आणि भुतं जास्त आली, असं आमचे एक वकील स्नेही सांगतात. गावागणिक मालगुजारी तलाव, तलावागणिक चिंच आणि चिंचेगणिक निदान एक तरी भूत, असा साधारण हिशेब आहे. पण ही सगळी भुतं फुकटची. त्यांना पावती नसते, हमी नसते आणि सात दिवसांच्या आत बदलून घेण्याची सोय तर मुळीच नसते. या तिन्ही गोष्टी असलेलं भूत जिल्ह्यात पहिल्यांदा आणण्याचा मान, माझ्या माहितीप्रमाणे, माझ्याकडे जातो. ते सत्तावीस इंची आहे आणि जीएसटीसकट आहे.

आता निवृत्त माणसाच्या घरात सत्तावीस इंची मॉनिटरचं काय काम, असं तुम्ही विचाराल. दुकानदारानंही विचारलं होतं. मी म्हणालो, "सारस बघायचेत." तो गृहस्थ जरा मागे सरकला.

त्याचं असं झालं. आमच्या हिचं माहेर आमगावकडचं. बांधीत धान आणि धानात सारस, हे बघतच ती वाढलेली. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी; अंग राखाडी, डोकं लाल, चाल एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी. नेहमी जोडीनं राहतो आणि जोडीदार बदलत नाही असं मानतात, म्हणून संसारी माणसात त्याला मोठा मान. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः आमच्या या कोपऱ्यात, आणि तोही आता चाळिशीच्या आत. मागच्या हिवाळ्यात माझा पुण्याचा भाचा आला होता. त्यानं परसवाड्याच्या तलावाकडे जाऊन उडत्या सारसांची चित्रफीत काढली आणि मामीला मोबाईलवर पाठवून दिली. मोबाईलवर सारस माशीएवढा दिसायचा. मग हिनं टुमणं लावलं, "मोठ्या पडद्यावर बघायचंय. मोठं असलं की नीट दिसेल." घरात टीव्ही होता, पण माझ्या बातम्या आणि हिच्या मालिका यांच्यात तिसरा वाटेकरी परवडणारा नव्हता. भाच्याचा एक जुना संगणक माळ्यावर पडला होताच. तेव्हा मॉनिटर आला.

पहिल्याच संध्याकाळी चित्रफीत लावली. दोन सारस तलावाच्या काठानं धावले, पंख पसरले, उडाले. आणि प्रत्येकाच्या मागे एक-एक फिकट, मळकट सारस उडाला.

"चार आहेत," ही म्हणाली.

"दोन आहेत. मागचे दोघे सावल्या आहेत."

"आकाशात कसली आली सावली?"

प्रश्न बिनतोड होता. उन्हाळा संपता संपता पक्षिमित्र मंडळी पहाटे अंधारात उठून तलावातलावांवर सारस मोजत बसतात. एकेक पक्षी हिशेबात यावा म्हणून जिवाचं रान करतात. आम्ही मात्र दिवाणखान्यात बसल्या बसल्या जिल्ह्यातले सारस दुप्पट केले होते. मी भाच्याला फोन लावला.

"मामा, ते घोस्टिंग आहे," तो म्हणाला. "आणि थोडा मोशन ब्लर. परीक्षा घ्यावी लागेल. परवा मी येतोच आहे. तोवर खोका फेकू नका."

खोका फेकू नका हे सांगायची गरज नव्हती. आमच्या पिढीनं आजवर कुठलाच खोका फेकलेला नाही.

पडद्यावरचं भूत ही तशी आमच्या पिढीला नवलाची गोष्ट नाही. दूरदर्शनच्या काळात घराघरात भूत असे. गच्चीवर ॲल्युमिनियमचा सांगाडा, अंगणात निरोप पोचवायला एक पोरगं आणि संचासमोर घरातली कर्ती व्यक्ती, अशी तीन मजली यंत्रणा त्यासाठी लागायची. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" या संवादावर आख्खे रविवार गेले. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या घरी रावणाला वीस डोकी दिसत. शेजारी म्हणायचे, रावण नाहीतरी मायावीच होता.

त्या भुताचं कारण साधं होतं. प्रक्षेपणाची लाट एकदा थेट अँटेनावर यायची आणि तीच लाट एखाद्या पाण्याच्या टाकीवर नाहीतर उंच इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा पुन्हा यायची. उशिरा आलेलं चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे उमटायचं. म्हणजे भूत बाहेरचं होतं. संच बिचारा निर्दोष. उलट, जुना काचेच्या नळीचा संच हलत्या चित्रांच्या बाबतीत फार चोख. त्यातला ठिपका क्षणभर चमकायचा आणि लगेच विझायचा. मागे रेंगाळायची त्याला सवयच नव्हती. मॉनिटरमधलं भूत मात्र घरचं असतं, ते अँटेना फिरवून जात नाही, हे मला भाचा आल्यावर कळलं.

भाचा महाराष्ट्र एक्सप्रेसनं आला, चहा प्यायला आणि कामाला लागला. बातमी गल्लीत पसरली होतीच. आमच्याकडे कुणी वस्तू विकत घेतली तर ती बघायला यावं लागतं. न आल्यास मनात काहीतरी आहे असं समजतात. त्यामुळे परीक्षेला तीन परीक्षक हजर झाले: वकीलसाहेब, वरच्या मजल्यावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, आणि आमचे राईस मिलवाले शेठ. शेठ आले ते दारातूनच विचारत, "काय करून राहिले जी? भूत पकडून राहिले म्हणे?"

ही परीक्षा 'टेस्ट यूएफओ' नावाची आहे. कॅनडातल्या 'ब्लर बस्टर्स' नावाच्या मंडळींनी ती तयार केली. संगणकावर ती उघडली की पडद्यावर एकाखाली एक अशा उडत्या तबकड्या डावीकडून उजवीकडे जाऊ लागतात. वरच्या ओळीतली तबकडी सेकंदाला साठ चित्रांनी पुढे सरकते, मधली तीस चित्रांनी आणि खालची पंधरा. प्रत्येक तबकडीत एक हिरवट इसम बसलेला असतो. त्याचे डोळे आणि तबकडीवरच्या बारीक रेषा किती स्पष्ट दिसतात, यावर मॉनिटरची लायकी ठरते.

"हा कोण बसलाय आत?" हिनं विचारलं.

"परग्रहावरचा माणूस, मामी."

"एवढ्या लांबून आला आणि इथं नुसत्या येरझाऱ्या घालतोय?" ही म्हणाली. "बसायला तरी सांगा."

वकीलसाहेबांनी पहिला आक्षेप नोंदवला. तबकडी अस्पष्ट दिसते हे खरं. पण ती पडद्यामुळे, की वेगामुळे, की बघणाऱ्यामुळे? आरोपी तिघे आहेत, तेव्हा दोष कुणा एकाच्या माथी मारता येणार नाही. वकीलसाहेबांचा आक्षेप आम्ही सवयीनं सोडून दिला. तो किती मुद्द्याचा होता हे पुढे कळलं.

खरी मदत झाली ती गार्डसाहेबांची. ते म्हणाले, "वेगातली वस्तू वाचायची असेल तर नजर एका जागी ठेवून चालत नाही. गोंदियाच्या फलाटावरून मालगाडी धडधडत जाते तेव्हा वाघिणीवरचा नंबर कसा वाचतात? वाघिणीबरोबर मान न्यायची. नजर तिच्या वेगानं गेली की नंबर भिंतीवर लिहिल्यासारखा दिसतो. जबलपूरची छोटी लाईन होती तेव्हा हा त्रासच नव्हता. ती गाडी इतकी बेतानं जायची की नंबर वाचून, लिहून, ताडून बघता यायचा."

"अगदी बरोबर!" भाचा ओरडला. "आणि नेमकी इथंच गडबड आहे."

मग त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. खरी मालगाडी सलग चालते, आपली नजरही सलग चालते, दोघांचं जमतं. मॉनिटरवरची तबकडी मात्र चालतच नाही. ती एका जागी सेकंदाचा साठावा भाग थांबते, मग एकदम पुढच्या जागी उडी मारते, पुन्हा थांबते. डोळ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो आपला तबकडी सरळ चालली आहे अशा समजुतीनं पुढे पुढे सरकत राहतो. तबकडीचा वेग सेकंदाला ९६० ठिपके असेल तर एका थांब्याच्या काळात डोळा सोळा ठिपके पुढे गेलेला असतो. चित्र थांबलेलं आणि डोळा चाललेला. त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र सोळा ठिपके फासलं जातं. सेकंदाला एकशेवीस चित्रं दाखवणारा मॉनिटर घेतला तर आठच ठिपके. लग्नाच्या वरातीत नवरदेवाची घोडी दर चौकात थांबते आणि बँड वाजवत पुढे निघून जातो. मग मधल्या मोकळ्या जागेत जी ओढाताण होते, तिचंच नाव मोशन ब्लर.

"म्हणजे मॉनिटर अगदी चांगला असला तरी हे दिसणारच?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली.

"हो. हा अर्धा दोष आपल्या डोळ्यांच्या सवयीचा आहे. भूत मात्र वेगळं."

भुताची कथा अशी. या पडद्यात द्रवस्फटिकांचे बारीक बारीक कण असतात. रंग बदलायचा म्हणजे त्यांना आपली दिशा बदलावी लागते आणि त्याला वेळ लागतो. नवं चित्र आलं तरी जुनं पुरतं गेलेलं नसतं. सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जुन्या साहेबांची बदली झालेली असते, पण क्वार्टर सोडलेलं नसतं. नवे साहेब ट्रंका घेऊन दारात उभे असतात. काही दिवस खिडकीत दोन साहेब दिसतात. त्यातला फिकट तो जुना. आमच्या मॉनिटरचा पडदा 'व्हीए' जातीचा निघाला. या जातीत काळा रंग फार सुंदर दिसतो. पण काळ्यातून गडद राखाडीत जायचं म्हटलं की कण आळस करतात. आता सारस राखाडी, वेळ संध्याकाळची, मागे काळोखी झाडं. म्हणजे भुताला हवं ते सगळं आम्ही आयतं मांडून ठेवलं होतं.

"पण खोक्यावर तर एक मिलिसेकंद लिहिलंय," मी म्हणालो.

"मामा, ते एका राखाडीतून दुसऱ्या राखाडीत जायचा वेळ. तोही सगळ्यात सोपा रस्ता निवडून मोजलेला."

उतारावर सायकलचा वेग मोजावा आणि तो घंटीखाली लिहून ठेवावा, त्यातला हा प्रकार दिसला.

यावर एक औषध आहे. त्याला 'ओव्हरड्राइव्ह' म्हणतात. पडद्याच्या मागे, हात घातल्यावर नेमकी सापडणार नाही अशा जागी, एक इवलीशी घुंडी असते. तिनं कणांना विजेचा जादा धक्का देता येतो. धक्का बेताचा असला तर कण चटकन वळतात आणि भूत जातं. फार दिला तर ते गरजेपेक्षा जास्त वळतात आणि काळ्या भुताच्या जागी पांढरं भूत उभं राहतं. शिपायाला दटावलं तर तो खोली झाडतो. फार दटावलं तर टेबलावरच्या फायलीही झाडून टाकतो.

पण कुठला धक्का योग्य हे ठरवायचं कसं? सहा माणसं आणि बारा डोळे. एकमत होणं शक्य नव्हतं. भाच्यानं सांगितलं की यासाठी कॅमेरा तबकडीच्या वेगानं तिच्या बरोबरीनं सरकवत फोटो काढायचा, म्हणजे चालत्या डोळ्याला काय दिसतं ते कागदावर येतं. परदेशात त्यासाठी रूळ वापरतात. आमच्याकडे रूळ म्हणून कॅरमबोर्ड आला. मॉनिटरसमोर तो मांडून त्यावर बोरिक पावडर भुरभुरली, मोबाईल एका पोळपाटाला टेकवून उभा केला, सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकी उघडझाप ठरवली आणि भाचा पोळपाट ढकलू लागला. पहिल्या फोटोत तबकडी आली नाही, शेठ आले. दुसऱ्यात कुणीच आलं नाही. सातव्या-आठव्या खेपेला मात्र पोळपाटाचा आणि तबकडीचा वेग जमला आणि हिरव्या इसमाचा चेहरा, मागे लोंबणाऱ्या भुतासकट, साफ आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोळपाटानं आयुष्यात प्रथमच इतकी उंची गाठली होती.

शेठना मात्र या सगळ्याची गंमत वाटत होती. "आमच्या मिलमध्ये येऊन पाहा," ते म्हणाले. "तांदूळ वरून धबधब्यासारखा पडून राहिला असतो. दोन्ही बाजूंनी कॅमेरे. पडता पडता एक दाणा काळा दिसला की हवेचा फवारा मारून तेवढाच बाजूला उडवते मशीन. ना ब्लर, ना भूत."

हे खरं आहे. गोंदियातल्या मोठ्या मिलमध्ये असली निवडणारी यंत्रं असतात. त्यांचा कॅमेरा आख्खं चित्र बघत बसत नाही; सेकंदाला हजारो वेळा फक्त एक बारीक रेघ बघतो, म्हणून पडणारा दाणा त्याला फासल्यासारखा दिसत नाही.

"माझ्या माहेरच्या तांदळाला पाठवायला हवं तुमच्याकडे," ही म्हणाली. "यंदा खडे फार निघतायत."

मी दुजोरा दिला. माहेरचा तांदूळ गावच्या छोट्या गिरणीतून येतो आणि निवडायचं काम हिचंच. पस्तीस वर्षांत आमच्या घरी भातात खडा लागला नव्हता. गेले काही महिने मात्र रोज एखादा दाताखाली येत होता. शेठना ही टीका आपल्या आख्ख्या जमातीवर वाटली. "धानात खडा जास्त येऊन राहिला असं कोणी म्हटलं नाही यंदा, भाभीजी," ते जरा दुखावून म्हणाले.

असो. फोटो बघून भाच्यानं घुंडी 'नॉर्मल'वर आणली. तबकडीमागचं भूत जवळजवळ नाहीसं झालं. वकीलसाहेबांनी आरोपीला निर्दोष सोडलं. गार्डसाहेबांनी हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात केला. शेठ म्हणाले, "साफ!"

"आहे की अजून," ही म्हणाली.

भाच्यानं घुंडी पुढे नेली. "आता, मामी?"

"आहे."

त्यानं ती शेवटच्या टोकाला नेली. आता तबकडीमागे पांढरा झगझगीत पट्टा आम्हा सगळ्यांना दिसू लागला.

"आता दोन झाली," ही म्हणाली. "हे पांढरं नवीन. जुनं आहेच."

भाच्यानं डोकं खाजवलं. घुंडी पुन्हा 'नॉर्मल'वर आणली आणि शास्त्रोक्त पद्धतीप्रमाणे शेवटची पायरी म्हणून त्यानं तबकडी जागच्या जागी थांबवली. "मामी, आता हे चित्र हलतच नाहीये. थांबलेल्या चित्राला भूत असूच शकत नाही. आता बघा."

ही पुढे झाली. चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "बाजूला. जरासं वर."

खोलीत एकदम शांतता पसरली. गार्डसाहेबांनी कप बशीत ठेवला त्याचा आवाज झाला. भाच्याचा आवाजही बदलला. तो हळूच म्हणाला, "मामी, डावा डोळा हातानं झाका बरं."

"आहे."

"आता उजवा झाका."

"आता नाही." मग ती स्वतःच भिंतीकडे वळली. उजव्या डोळ्यानं तिनं कालनिर्णयकडे बघितलं. "तिथंही आहे. प्रत्येक तारखेला आहे."

"कधीपासून, मामी?"

"काय माहीत... पोळ्याच्या आधीपासून असेल."

"आणि सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगायचं काय? मधे भावाकडची रोवणी होती, मग नवरात्र, मग दिवाळी. आणि डॉक्टरकडे गेलं की ते कापायचंच सांगणार." ती जरा थांबली. "मला वाटलं, मोठा पडदा आणला की नीट दिसेल."

मॉनिटर का आला होता ते तेव्हा उमगलं. खड्यांचाही उलगडा झाला. महिनोन्महिने ही रोज सकाळी खिडकीत बसून, दोन-दोन दिसणाऱ्या दाण्यांतून खडे वेचत होती आणि निम्मे तरी वेचत होती. त्या हिशेबानं तिचं काम शेठच्या यंत्रापेक्षा अवघड होतं. यंत्राला निदान एक दाणा एकच दिसतो.

वकीलसाहेब उठता उठता म्हणाले, "मी म्हटलंच होतं, आरोपी तिघे आहेत." पण ते जिंकल्याच्या सुरात म्हणाले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांना कॅरमबोर्ड लागला नाही. त्यांनी दिवा मारून दोन मिनिटांत सांगितलं: मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, प्रकाश त्यातून सरळ न जाता फाकतो आणि एकाच डोळ्यात एका वस्तूच्या दोन वस्तू होतात. भाच्यानं केलेली एक डोळा झाकायची चाचणी बरोबर होती. एकच डोळा उघडा असताना दोन दिसले, तर दोष त्याच डोळ्यात असतो. दोन्ही डोळे उघडे असतानाच दोन दिसत असतील, तर प्रकरण वेगळं आणि तेही डॉक्टरांना लगेच दाखवायचं. घुंडी फिरवून दोन्ही बरं होत नाही.

डॉक्टर गप्पिष्ट होते. हिला भीती वाटू नये म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा फुटून त्यातल्या प्लॅस्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत गेले. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा ते कण मुकाट्यानं सोसतो, चिडत नाही. मग त्याच प्लॅस्टिकचं भिंग करून त्यांनी १९४९ साली पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आता ते घडी घालून, तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड अशा छेदातून आत सरकवतात आणि आत गेल्यावर ते उलगडतं.

हिनं सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. मग विचारलं, "पसंत नाही पडलं तर सात दिवसांत बदलून मिळतं का?"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण माझा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता आणि तो दुखत होता.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी हिनं दवाखान्याच्या भिंतीवरची सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ वाचून दाखवली आणि वर त्यातलं एक अक्षर वाकडं छापलंय असं सांगितलं. सुधारलेल्या नजरेचा पहिला फायदा तिला झाला; पहिला तोटा मला. माझ्या सदऱ्याची कॉलर, पंख्याची पाती, मॉनिटरमागची धूळ, सहा महिने सुखानं नांदत असलेली कोळ्याची जाळी, या सगळ्यांचे एकाएकी वाईट दिवस आले. मॉनिटरला रंग उजळ-मंद करायची तरी घुंडी असते.

महिन्याभरानं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही दोघं पहाटेच्या थंडीत परसवाड्याला गेलो. तलावावर धुकं होतं. सूर्य वर आला तशी पलीकडच्या बांधीत राखाडी काहीतरी हललं. सारसाला एवढं मोठं अंग उचलायचं म्हणून आधी धाव घ्यावी लागते. ते धावले, पंख मारले आणि पाण्यावरून, आमच्या डोक्यावरून ओरडत गेले. ही मान वळवत वळवत त्यांच्याबरोबर गेली, अगदी गार्डसाहेबांनी सांगितल्यासारखी. एकेक पीस दिसत असणार तिला.

"दोन," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, ते दिसेनासे झाल्यावर, "दोनच आहेत हो. आमच्या बांधीत लहानपणी कितीतरी असायचे."

मॉनिटरवर चार दिसत होते तेव्हाच बरं होतं, असं एक क्षण माझ्या मनात येऊन गेलं. पण ते मी बोललो नाही. जे दोन आहेत ते दोनच दिसावेत, यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता. मोजणी खरी नसली तर जपायचं कुणाला, हे तरी कसं कळणार?

शेठनी मामला गोड झाल्याच्या आनंदात आपल्या मिलमधला पाच किलो तांदूळ पाठवून दिला. यंत्रानं निवडलेला, एकसारखा, मोत्यांसारखा. दुसऱ्या दिवशी ते चौकशीला आले तेव्हा हिनं चहाबरोबर कागदाची एक छोटी पुडी त्यांच्यापुढे ठेवली. शेठनी ती उघडली. आत एक काळा दाणा होता.

शेठनी तो खिडकीत नेऊन उजेडात बघितला. उलटापालटा करून बघितला. मग पुडी नीट मिटून खिशात टाकली आणि हात जोडले.

"भाभीजी," ते म्हणाले, "सकाळी दोन तास आमच्या मिलमध्ये याल का?"